घरातल्या औषधांची जबाबदारी पहिल्यांदाच अंगावर आली असेल, तर

आईला बीपी निघालं, बाबांना अ‍ॅन्जिओप्लास्टीनंतर घरी आणलं, सासूबाईंची शुगर वाढली. असं काही झालं की घरातल्या एकाच्या हातात डॉक्टरांची चिठ्ठी आणि गोळ्यांनी भरलेली पिशवी येते, आणि त्या दिवसापासून 'औषधांचं तू बघ' हे काम कायमचं त्याच्याकडे जातं. ते कसं करायचं हे कुणी शिकवत नाही. मी औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभा राहणारा माणूस आहे. माझ्यासमोर जे गोंधळ रोज येतात, त्यातले बहुतेक फार साध्या गोष्टींनी टळू शकतात. म्हणून हा लेख नवख्यांसाठी.

पायरी १ : सगळी औषधं एका जागी आणा

कपाटातली, उशाशी ठेवलेली, देवघरातल्या डब्यातली, पर्समधली, फ्रिजमधली अशी सगळी औषधं जेवणाच्या टेबलावर किंवा चटईवर मांडा. त्यात बाम, डोळ्यांचे थेंब, व्हिटॅमिनच्या गोळ्या, आयुर्वेदिक काढे आणि चूर्णंही आली पाहिजेत. 'ते काय औषध आहे का!' असं म्हणून जी वस्तू बाजूला ठेवली जाते, तिचाच पुढे त्रास होतो. पुष्कळ काढ्यांत ज्येष्ठमध असतं. ते रोज भरपूर पोटात गेलं तर बीपी वाढतं आणि शरीरातलं पोटॅशियम कमी होतं. आई बीपीची गोळी नियमाने घेते आणि तरीही आकडा खाली येत नाही, यामागे कधीकधी असं एखादं कारण असतं. काढा बंदच करा असं मी म्हणत नाही. डॉक्टरांना तो माहीत असला पाहिजे, एवढंच.

मग प्रत्येक पाकिटावरची मुदत बघा. '०८/२०२६' असं छापलेलं असेल तर ऑगस्टच्या शेवटच्या दिवसापर्यंत ते औषध चालतं. ज्या तुकड्यावर नावही नाही आणि तारीखही नाही, ती गोळी कितीही ओळखीची वाटली तरी बाजूला काढा. यापुढे गोळ्या काढताना तारीख आणि नाव छापलेला कोपरा शेवटपर्यंत शाबूत राहील अशा बेताने काढा. दुकानातून अर्धंच पाकीट घेत असाल तर 'तारखेकडचा भाग द्या' असं सांगा.  दोन्ही गोष्टी एकाच तुकड्यावर येत नसतील तर बिल जपून ठेवा. बॅच नंबर आणि मुदत त्यावर लिहिलेली असते.

पायरी २ : कंपनीचं नाव विसरा, घटकाचं नाव वाचा

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. पाकिटावर मोठ्या अक्षरांत छापलेलं नाव कंपनीने ठेवलेलं असतं. औषधाचं खरं नाव त्याच्या जवळच, पुष्कळदा बारीक अक्षरांत असतं आणि पुढे मिलिग्रॅमचा आकडा असतो. क्रोसिन, कॅलपॉल आणि डोलो ही तीन वेगळी नावं आहेत, पण आतला घटक एकच, पॅरासिटामॉल.

मागच्या पावसाळ्यात एक ताई दुकानात आल्या. वडिलांना ताप, सर्दी आणि जुनी गुडघेदुखी. पिशवीतून पाकिटं काढून त्यांनी काउंटरवर ठेवली आणि विचारलं, "दादा, ही तापाची, ही सर्दीची, ही गुडघ्याची. तिन्ही एकत्र चालतील ना?" मी तिन्ही पाकिटं उलटी केली आणि बारीक अक्षरांवर बोट ठेवत गेलो. तापाच्या गोळीत पॅरासिटामॉल ६५०, दिवसातून चार वेळा, म्हणजे २६००. सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल ५००, तीन वेळा, म्हणजे १५००. गुडघ्याच्या गोळीत असिक्लोफिनॅकच्या जोडीला पॅरासिटामॉल ३२५, दोन वेळा, म्हणजे ६५०. एकूण ४७५० मिलिग्रॅम. धडधाकट मोठ्या माणसासाठी चोवीस तासांतली कमाल मर्यादा ४००० आहे. वजन कमी असेल, यकृताचा आजार असेल किंवा रोज दारू घेण्याची सवय असेल तर ती आणखी खाली येते. ताई म्हणाल्या, "पण तिन्ही वेगवेगळ्या डॉक्टरांनी दिल्यात हो." गोष्ट तिथेच होती. प्रत्येक डॉक्टर आपापल्या जागी बरोबर होते. तिन्ही चिठ्ठ्या एकत्र वाचणारं कुणीच नव्हतं.

पॅरासिटामॉल जास्त झालं की काय होतं, हेही समजून घ्या, कारण ते पटकन दिसत नाही. यकृत या औषधाचा निचरा करताना त्याच्या थोड्या भागापासून एक विषारी पदार्थ तयार होतो. यकृताकडे त्याला निष्प्रभ करणारा ग्लुटाथिऑन नावाचा साठा असतो. डोस मर्यादेत असेल तर तो पुरतो, फार वाढला तर संपतो आणि यकृताच्या पेशी मरायला लागतात. पहिल्या दिवशी माणसाला थोडी मळमळ होते किंवा काहीच होत नाही. खरं नुकसान दोन-तीन दिवसांनी उघडं पडतं. यावर उतारा आहे, पण तो पहिल्या आठ तासांत दिला तर सर्वांत चांगला लागू पडतो. त्यामुळे चुकून जास्त गोळ्या गेल्या असतील तर 'बरा दिसतोय की' म्हणून वाट बघू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

अशीच दुहेरी भानगड हृदयाच्या औषधांत होते. एका चिठ्ठीत कोलेस्टेरॉलसाठी अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन असते, दुसऱ्या चिठ्ठीत अ‍ॅस्पिरिन आणि अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन एकत्र असलेली कॅप्सूल. नावं वेगळी, म्हणून दोन्ही चालू राहतात. जनऔषधी केंद्रातून स्वस्तात औषध आणलं की तिथल्या पाकिटावर घटकाचंच नाव ठळक असतं. घरातली ज्येष्ठ मंडळी ते 'नवीन औषध' समजतात आणि जुन्या ब्रँडची गोळीही घेत राहतात. बीपीची गोळी अशी दुप्पट गेली की माणूस सकाळी उठताना गरगरून पडतो. जनऔषधीचं औषध जरूर घ्या, पैसे वाचतात. पण ते घरात आलं की त्याच घटकाचं जुनं पाकीट डब्यातून बाहेर काढा.

पायरी ३ : यादी लिहा

वहीचं एक पान पुरतं. घटकाचं नाव, मिलिग्रॅम, कशासाठी, कधी, जेवणाआधी की नंतर, कुणी दिलं, कधी सुरू झालं. वरच्या बाजूला कशाची अ‍ॅलर्जी आहे ते लाल पेनाने लिहा, विशेषतः पेनिसिलिनची किंवा सल्फाची. पानाचा फोटो घरातल्या दोघातिघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. कुठल्याही डॉक्टरकडे गेलात, अगदी दात काढायला गेलात तरी तो फोटो आधी दाखवा. रक्त पातळ करायची गोळी चालू असताना दात काढायचा असेल तर डॉक्टरांना ते आधी कळलंच पाहिजे. ती गोळी मनाने बंद करायची नाही, हेही तितकंच महत्त्वाचं. स्टेंट, म्हणजे हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी, बसवलेल्या माणसाने ती अचानक थांबवली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते.

चिठ्ठीवरची भाषा सोपी आहे. १-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना. एसओएस म्हणजे त्रास झाला तरच. आणि कुठे 'आठवड्यातून एकदा' लिहिलं असेल तर तिथे थांबून दोनदा वाचा. संधिवातासाठी किंवा सोरायसिससाठी दिलं जाणारं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. ते गैरसमजाने रोज घेतल्यामुळे लोक दगावले आहेत. या गोळीसाठी वार ठरवा, तो पाकिटावर मार्करने लिहा आणि ती रोजच्या डब्यात ठेवूच नका.

पायरी ४ : गोळी पोटात जाऊन काय करते ते जरा समजून घ्या

एवढं कळलं की पुढचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

गिळलेली गोळी पोटात विरघळते, लहान आतड्यातून रक्तात शिरते, आधी यकृतातून जाते आणि मग सगळ्या अंगभर फिरते. गुडघ्यासाठी घेतलेली गोळी फक्त गुडघ्यात जात नाही. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, असिक्लोफिनॅक ही वेदनाशामकं शरीरात प्रोस्टाग्लॅन्डिन नावाची रसायनं तयार होणं रोखतात. दुखऱ्या जागी ती कमी झाली की सूज आणि ठणका उतरतो. पण हीच रसायनं जठराच्या अस्तराचं रक्षण करतात आणि मूत्रपिंडाला रक्त नीट पोचवायला मदत करतात. म्हणून या गोळ्यांनी पोटात अल्सर होतो, बीपी वाढतं आणि मूत्रपिंडावर ताण येतो. बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असलेल्या माणसाने वर ही वेदनाशामकं घेतली तर मूत्रपिंड अचानक बंद पडण्याचा धोका असतो. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून रोज एक गोळी नेणारी म्हातारी माणसं मी बघतो, तेव्हा मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती याचीच.

पावसाळ्यातल्या तापातही या गोळ्या नकोत. ताप डेंग्यूचा निघाला तर अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकने रक्तस्रावाचा धोका वाढतो. तापाचं कारण कळेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल आणि भरपूर पातळ पदार्थ. रक्त पातळ ठेवण्यासाठी डॉक्टरांनी अ‍ॅस्पिरिन दिलेली असेल, तर तापात ती चालू ठेवायची की थांबवायची हे त्यांनाच लगेच फोन करून विचारा.

दुसरी गोष्ट वेळेची. रक्तातलं औषध निम्म्यावर यायला पॅरासिटामॉलला दोन-तीन तास लागतात, तर बीपीच्या अ‍ॅमलोडिपिनला ३० ते ५० तास. म्हणून एक गोळी दिवसातून तीन-चार वेळा आणि दुसरी एकदाच. अ‍ॅमलोडिपिनचा पूर्ण परिणाम दिसायला आठवडाभर जातो. काल सुरू केली, आज आकडा उतरला नाही, म्हणून आणखी एक द्यायची नसते. आणि महिन्याभराने आकडा नॉर्मल आला म्हणून 'बीपी गेलं' असंही नसतं. तो गोळीमुळे नॉर्मल आलेला असतो. मेटोप्रोलोल, अ‍ॅटेनोलोल यांसारख्या गोळ्या एकदम थांबवल्या तर बीपी आणि नाडी उसळतात, हृदयविकाराच्या माणसाला झटकाही येऊ शकतो.

एखादी वेळ चुकली तर आठवल्यावर घ्यायची. पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्यायची. भरपाई म्हणून दोन कधीच घ्यायच्या नाहीत.

पायरी ५ : कशाबरोबर, कशाच्या आधी

थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर. त्यानंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही. आपल्याकडे डोळे उघडले की आधी चहा लागतो, त्यामुळे हा नियम सर्वांत जास्त मोडला जातो आणि मग 'गोळी घेऊनही टीएसएच (थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा) वाढलेलाच' अशी तक्रार येते. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या हिच्यापासून चार तास लांब ठेवा. अ‍ॅसिडिटीची पॅन्टोप्राझोल नाश्त्याआधी अर्धा तास. शुगरची मेटफॉर्मिन जेवणासोबत किंवा लगेच नंतर. डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक भरल्या ग्लासभर पाण्याबरोबर, आणि घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते.

नावापुढे एसआर, एक्सआर किंवा ईआर असलेल्या गोळ्या हळूहळू विरघळतील अशा बनवलेल्या असतात. गिळता येत नाही म्हणून त्या कुटून दिल्या तर दिवसभराचं औषध एकदम रक्तात उतरतं. गिळायला त्रास होत असेल तर तसं सांगा. पुष्कळ औषधं पातळ स्वरूपातही मिळतात.

उपवासाचा वेगळा विचार

एकादशी, संकष्टी, श्रावणी सोमवार, नवरात्राचे नऊ दिवस. मधुमेह असलेल्या घरात या दिवसांचा विचार आधीच करावा लागतो. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, पोटात अन्न असो वा नसो. सकाळी गोळी घेतली आणि दुपारपर्यंत पाण्याशिवाय काही नाही, की साखर खाली जाते. इन्सुलिन घेणाऱ्यांचंही तेच. नुसती मेटफॉर्मिन असेल तर हा धोका कमी. डापाग्लिफ्लोझिन ही शुगरचीच गोळी चालू असेल तर निर्जळी उपवास करूच नका, त्याने शरीरातलं पाणी कमी होतं आणि रक्तात आम्ल वाढू शकतं.

साखर उतरल्याची खूण म्हणजे गार घाम, हात थरथरणं, छातीत धडधड, चिडचिड, बोलण्यात गोंधळ. अशा वेळी तीन चहाचे चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच पाजा, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासा, कमीच असेल तर परत द्या. साखर वर आली की काहीतरी खायला घाला. उपवास तिथे मोडला तरी चालतो. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर झोपवा आणि १०८ला फोन करा. उपवासाच्या आधी आठवडाभर डॉक्टरांना विचारलं तर ते गोळीची वेळ किंवा मात्रा बदलून देतात. संध्याकाळी साबुदाण्याच्या खिचडीवर ताव मारला की तीच साखर उलट दिशेने उसळते, हेही विसरू नका.

जुलाब-उलट्यांच्या दिवसांतही असंच विचारून घ्या. शरीर कोरडं पडलेलं असताना मेटफॉर्मिन, टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी काही दिवस थांबवावी लागू शकते.

घरात लहान मूल असेल तर

पॅरासिटामॉलचं पातळ औषध तीन तऱ्हांचं मिळतं. ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम, ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम, आणि तान्ह्यांचे थेंब, ज्यात १ मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅम असतं. १२ किलोच्या मुलाला डॉक्टरांनी १२० मिलिग्रॅम सांगितलं तर पहिल्या बाटलीतून ५ मिलिलिटर, दुसरीतून साधारण २.४, आणि थेंबांच्या बाटलीतून फक्त १.२. 'पाच एमएल द्यायचं' एवढंच लक्षात ठेवून आजीने थेंबांच्या बाटलीतून पाच मिलिलिटर दिलं तर ते चौपटीहून जास्त झालं. म्हणून बाटली बदलली की हिशेब बदलतो. घरातला चमचा वापरू नका, बाटलीसोबतचं माप किंवा सुई नसलेली सिरिंज वापरा.

खोकल्या-सर्दीचं पातळ औषध लहान मुलांना आपल्या मनाने देऊ नका. क्लोरफेनिरामिन आणि फिनिलेफ्रिन एकत्र असलेली औषधं चार वर्षांखालच्या मुलांना द्यायची नाहीत, असं २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी सांगितलं. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात डायइथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या खोकल्याच्या औषधाने मुलांचे जीव गेले. याच विषाने १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले होते, तेव्हा ते ग्लिसरीनमधून आलं होतं. बाटलीतली अशी भेसळ डोळ्यांना दिसत नाही. जे औषध बाळाला मुळात लागतच नाही ते न देणं, एवढं मात्र आपल्या हातात आहे. साधी सर्दी बहुतेक वेळा आपली आपण बरी होते.

विकत घेताना आणि ठेवताना

पाकिटावर डाव्या बाजूला लाल उभी रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. अँटिबायोटिकं त्यातच येतात. २०१४ पासून त्यातल्या बऱ्याच औषधांची नोंद आम्हाला वेगळ्या रजिस्टरमध्ये ठेवावी लागते आणि ती तीन वर्षं सांभाळावी लागते. मागच्या वेळचं उरलेलं अँटिबायोटिक 'तसाच घसा धरलाय' म्हणून घेऊ नका. विषाणूच्या सर्दीवर ते काहीच करत नाही. बिल प्रत्येक वेळी मागा. बाजारातल्या मोठ्या खपाच्या ३०० ब्रँडवर ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोड आहे, तो मोबाइलने तपासता येतो.

औषधाचा डबा गॅसच्या वरच्या फळीवर आणि बाथरूममध्ये नको. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात गोळ्या पाकिटातून आधीच काढून ठेवल्या तर दमट हवेने खराब होतात. आठवड्याचा डबा भरायचा असेल तर झाकण घट्ट हवं आणि सात दिवसांच्या वर भरायचा नाही. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत, म्हणजे फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, फ्रीझरला चिकटून नाही. एकदा गोठलं की ते टाकून द्यायचं. वापरात असलेलं सर्वसाधारणपणे चार आठवडे बाहेर चालतं, पण विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात घरातलं तापमान ३० अंशांच्या खाली नसतं, तेव्हा तेही फ्रिजमध्येच बरं.

त्रास झाला तर

नवीन औषधानंतर अंगावर पित्त उठलं, ओठ-चेहरा सुजला, श्वास लागला, तर पुढचा डोस देऊ नका आणि लगेच हॉस्पिटलला न्या. पाकीट सोबत घ्या. काळी शी झाली तर पोटात रक्तस्राव असू शकतो, त्यात वेदनाशामक चालू असेल तर एक दिवसही थांबू नका. अ‍ॅमलोडिपिनने घोट्याला सूज येणं, टेल्मिसार्टनच्या सुरुवातीला थोडी चक्कर येणं हे पुष्कळांना होतं. त्यासाठी घाबरून गोळी बंद न करता डॉक्टरांना फोन करा, पर्याय असतो.

औषधाने काही विपरीत घडलं तर त्याची नोंद सरकारकडे करता येते, आणि ती रुग्ण किंवा नातेवाईकही करू शकतात. त्यासाठीचा निःशुल्क नंबर १८००-१८०-३०२४. फोन करताना औषधाचं नाव, बॅच नंबर, ते कधी सुरू केलं आणि त्रास कधी झाला, एवढं हाताशी ठेवा.